कुटुम, कुटुंब आणि सोयरा : अवनींद्रनाथ ठाकुरांच्या काष्ठरूपांतील नात्याचा विचार

१. प्रास्ताविक

अवनींद्रनाथ ठाकूर (१८७१–१९५१) यांचे नाव भारतीय कलेच्या इतिहासात प्रामुख्याने दोन संदर्भांत घेतले जाते. वंगभंगाच्या वर्षी, १९०५ मध्ये त्यांनी रंगविलेले ‘भारतमाता’ हे चित्र हा पहिला संदर्भ. कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत ई. बी. हॅवेल यांच्या साहचर्यात त्यांनी घडविलेली आणि नंदलाल बसूंसारख्या शिष्यांनी पुढे नेलेली बंगाल-संप्रदायाची चित्रपरंपरा हा दुसरा. आयुष्याच्या उत्तरकाळात त्यांनी केलेले एक वेगळेच काम मात्र या दोन्ही संदर्भांच्या बाहेर राहते. वाळक्या फांद्या, झाडांची मुळे, साली, बांबूची पेरे, बिया असे बागेत आणि वाटेवर पडलेले जिन्नस उचलून, त्यांना शक्य तितका कमी हात लावून, त्यांतून त्यांनी पक्षी, प्राणी आणि माणसे उभी केली. या रूपांना त्यांनी ‘कुटुम-काटाम’ असे नाव दिले.

कलेतिहासाच्या रूढ मांडणीत कुटुम-काटामची नोंद बहुधा वृद्ध चित्रकाराचा विरंगुळा म्हणून होते. नामवंत चित्रकाराने ब्रश खाली ठेवल्यावर लहान मुलांसाठी केलेली खेळणी, असा तिचा सूर असतो. या नोंदीत तथ्याचा अंश आहे; ती खेळणीच होती आणि मुले त्यांची पहिली प्रेक्षक होती. परंतु शब्दांविषयी कमालीचा जागरूक असलेल्या लेखकाने आपल्या वस्तूंना ‘पुतुल’, म्हणजे बाहुली, असे न म्हणता ‘कुटुम’ म्हणावे, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. ‘कुटुम’ हे नाव लडिवाळपणाने ठेवलेले असले तरी त्यात नात्याचा एक निश्चित विचार आहे आणि तो विचार ध्यानात घेतल्याखेरीज या वस्तूंचे कलारूप म्हणून आकलन अपुरे राहते, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. 

२. शब्दाचा प्रवास

संस्कृत ‘कुटुंब’ हा शब्द मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषांत रुजला, पण त्याच्या अर्थाची दिशा दोन्हीकडे भिन्न झाली. मराठीत कुटुंब म्हणजे एका छपराखाली, एका चुलीवर जगणारी माणसे. जुन्या नागर बोलीत तर हा शब्द आणखी आत वळून ‘पत्नी’ या अर्थी स्थिरावला. ‘आमचे कुटुंब’ म्हणणाऱ्या गृहस्थाला घरातील एकच व्यक्ती अभिप्रेत असे. बंगालीत तोच शब्द घराबाहेर पडला. तेथे ‘कुटुम’ म्हणजे मुख्यतः विवाहसंबंधाने जोडला गेलेला आप्त. तो रक्ताचा नसतो. तो दुसऱ्या घरात राहतो, येतो आणि जातो. म्हणूनच कुटुम आणि पाहुणा हे अर्थ बंगालीत एकमेकांच्या अगदी निकट आले आहेत. ज्या पिवळ्या पक्ष्याची साद ऐकली म्हणजे पाहुणा येणार असे मानले जाते, त्याला बंगालच्या खेड्यांत ‘इष्टिकुटुम’ म्हणतात.

‘काटाम’ या दुसऱ्या शब्दात ‘काठ’ म्हणजे लाकूड, ‘काटा’ म्हणजे कापणे आणि ‘काठामो’ म्हणजे सांगाडा असे तीन ध्वनी एकदम ऐकू येतात. दुर्गेची मूर्ती ज्या लाकूड-बांबूच्या बांधणीवर गवत आणि माती चढवून घडविली जाते, ती बांधणी म्हणजे काठामो. विसर्जनानंतर माती विरघळते, रंग जातो. काठामो मात्र पुष्कळदा पाण्यातून काढून आणून पुढील वर्षी पुन्हा वापरला जातो. तेव्हा ‘कुटुम-काटाम’ या जोडनावात पाहुणा म्हणून आलेला आप्त आणि मूर्ती नाहीशी झाल्यावर उरणारे लाकूड या दोन कल्पना शेजारी बसल्या आहेत.

मराठी अनुवादकासमोर येथे खरी अडचण उभी राहते. ‘कुटुम’साठी ‘कुटुंब’ हा शब्द योजावा, तर अर्थ नेमका उलटा होतो. मराठीत त्याला जवळचा शब्द ‘सोयरा’ हाच आहे. सगा रक्ताने मिळतो, सोयरा संबंध जोडल्याने मिळतो. ‘सगेसोयरे’ या जोडशब्दात हा भेद आजही शाबूत आहे. तुकोबांनी आपल्या सुपरिचित अभंगात झाडावेलींशी असलेले नाते सांगताना सग्याचा नव्हे, तर सोयऱ्याचाच शब्द वापरला, हे या ठिकाणी लक्षणीय ठरते. सतराव्या शतकातील देहूचा संतकवी आणि विसाव्या शतकातील कोलकात्याचा चित्रकार यांच्यामध्ये प्रभावाचा कोणताही धागा दाखविता येणार नाही. तसा तो शोधण्याची गरजही नाही. मनुष्येतर सृष्टीशी असलेली जवळीक सांगताना दोघांनाही जन्माच्या नात्याऐवजी जोडलेल्या नात्याचा शब्द सुचावा, हे साम्य दोन भाषांच्या नातेव्यवस्थेतून आलेले आहे, आणि तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने प्रभावापेक्षा तेच अधिक मोलाचे आहे.

३. जोडासांको : दुभंगलेले आप्तपण

‘कुटुम’ या शब्दाला ठाकूर घराण्यात एक ऐतिहासिक भार होता. हे घराणे पिराली ब्राह्मणांचे. पूर्वजांवर मुसलमानी संसर्गाचा ठपका असल्यामुळे सनातनी ब्राह्मण कुळे त्यांच्याशी सोयरीक करीत नसत. संपत्ती, विद्या आणि प्रतिष्ठा यांनी ठाकूर कोलकात्यात अग्रभागी आले, तरी विवाहसंबंधांच्या बाबतीत त्यांचे वर्तुळ दीर्घकाळ मर्यादितच राहिले. ज्या घराला कुटुम सहजासहजी मिळत नव्हते, त्याच घरातील एका वृद्धाने पुढे लाकडाच्या ढलप्यांना कुटुम म्हटले, ही संगती केवळ योगायोगाची म्हणून बाजूला सारता येत नाही.

दुसरा दुभंग घराच्या आतला होता. द्वारकानाथांचे ज्येष्ठ पुत्र देवेंद्रनाथ ब्राह्मधर्माचे अध्वर्यू झाले आणि घरातील मूर्तिपूजेचा प्रश्न उपस्थित झाला. त्यांचे दिवंगत बंधू गिरींद्रनाथ यांच्या पत्नी जोगमाया देवी गृहदेवता घेऊन शेजारच्या बैठकखान्याच्या वास्तूत राहावयास गेल्या. पुढे या दोन वास्तू सहा नंबरचे घर आणि पाच नंबरचे घर म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. सहा नंबरमध्ये देवेंद्रनाथांचा ब्राह्म परिवार, तर पाच नंबरमध्ये गिरींद्रनाथांची हिंदू आचार पाळणारी शाखा राहिली. रवींद्रनाथ पहिल्या घरातले. गिरींद्रनाथांचे नातू गगनेंद्रनाथ, समरेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ दुसऱ्या घरातले. नात्याने रवींद्रनाथ हे अवनींद्रनाथांचे चुलते. अंगणे एकमेकांना लागून आणि रक्त एकच, परंतु देवघर वेगळे. रक्ताचे नाते टिकवायचे तर ते येणे-जाणे, नाटके, गाणी आणि एकत्र वाचन यांतून दररोज नव्याने जोडावे लागते, हा अनुभव अवनींद्रनाथांना बालपणापासून होता. राणी चंद यांनी त्यांच्या तोंडून ऐकून शब्दबद्ध केलेल्या ‘घरोया’ (१९४१) आणि ‘जोडासांकोर धारे’ (१९४४) या दोन स्मृतिग्रंथांत हीच ये-जा मुख्य विषय होऊन बसली आहे.

पाच नंबरच्या घराचा दक्षिणेकडील व्हरांडा हे या ये-जा करणाऱ्या जगाचे केंद्र होते. तेथे तिघे भाऊ बसून चित्रे काढीत. अवनींद्रनाथांचे नातू मोहनलाल गंगोपाध्याय यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकाला ‘दक्षिणेर बारांदा’ हेच नाव दिले. १९३८ मध्ये गगनेंद्रनाथ गेले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी, अवनींद्रनाथांच्या सत्तराव्या वाढदिवशीच, रवींद्रनाथांचे निधन झाले. त्याच सुमारास पाच नंबरचे घर विकावे लागले आणि अवनींद्रनाथ बरानगरातील ‘गुप्तनिवास’ या भाड्याच्या घरी राहावयास गेले. जोडासांकोची ती वास्तू पुढे पाडली गेली. कुटुम-काटामचा आरंभ या घटनांच्या आधीचा आहे, त्यामुळे ती निव्वळ शोकाची निष्पत्ती मानणे चुकीचे ठरेल. परंतु ज्या वर्षांत माणसांचे आप्तमंडळ एकेक करून ओसरत होते, त्याच वर्षांत लाकडाचे आप्तमंडळ वाढत होते, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

४. चित्राकडून काष्ठाकडे

अवनींद्रनाथांच्या चित्रकारकीर्दीत वैयक्तिक नाते आणि सार्वजनिक प्रतिमा यांचा ताण आरंभापासून दिसतो. कोलकात्यातील प्लेगच्या साथीत त्यांची लहान मुलगी दगावली. १९०२ मधील ‘शाहजहानचे अंतिम क्षण’ या चित्रात आपले तेच दुःख उतरल्याचे त्यांनी पुढे सांगितले. पित्याचा शोक तेथे बादशहाच्या विरहाचे रूप घेऊन आला. तीन वर्षांनी आलेल्या ‘भारतमाते’त नात्याचा शब्द राष्ट्राला लावला गेला. प्रथम बंगालची माता म्हणून कल्पिलेली ही चतुर्भुज तपस्विनी भगिनी निवेदितांच्या गौरवाने आणि स्वदेशी चळवळीच्या लाटेवर अखिल देशाची माता झाली.

‘माता’ हा नात्याचा असा शब्द आहे की त्याचा स्वीकार करताना निवडीला वाव उरत नाही. माता एकच असते. मुले असंख्य असतात. आणि सर्व मुलांना एकत्र बांधणारी निष्ठा तिच्याकडे वळलेली असते. ‘कुटुम’ या शब्दाचे व्याकरण याहून निराळे आहे. कुटुम अनेक असतात, प्रत्येकाशी असलेला संबंध वेगळा असतो आणि प्रत्येक संबंध दोन्ही बाजूंनी निभवावा लागतो. १९०५ च्या मातेपासून १९४० च्या दशकातील कुटुमापर्यंत झालेला हा प्रवास चित्राकडून लाकडाकडे झालेला माध्यमबदल तर आहेच; एका व्यापक, अमूर्त नात्याकडून लहान आणि हाताळता येणाऱ्या नात्यांकडे झालेले ते स्थलांतरही आहे. अवनींद्रनाथांनी या बदलाची घोषणा कोठेही केली नाही. तथापि वस्तूंनी ती केली आहे.

मधल्या काळात त्यांनी लोककलेचा गंभीर विचार केला होता. ‘बांगलार ब्रत’ (१९१९) या पुस्तकात त्यांनी बंगालच्या स्त्रियांची व्रते आणि त्या निमित्ताने जमिनीवर काढली जाणारी आल्पना यांचा परामर्श घेतला. १९२१ ते १९२९ या काळात कोलकाता विद्यापीठात त्यांनी कलेवर व्याख्याने दिली. ती पुढे ‘बागेश्वरी शिल्प-प्रबंधावली’ या नावाने ग्रंथरूप झाली. १९३० मधील ‘अरेबियन नाइट्स’ चित्रमालिकेनंतर त्यांचे चित्रलेखन जवळजवळ थांबले. त्या जागी रामायणावर आधारलेल्या जात्रांचे, म्हणजे लोकनाट्याच्या धर्तीच्या खेळांचे लेखन सुरू झाले. त्यांतील ‘खुद्दुर जात्रा’च्या हस्तलिखितात त्यांनी वर्तमानपत्रांतील जाहिराती, छायाचित्रे आणि वेष्टणांचे तुकडे कापून चिकटविले. २००९ मध्ये त्याची प्रतिकृती प्रसिद्ध झाल्यावर, टाकाऊ वस्तूंची जुळणी ही त्यांच्या उत्तरायुष्यातील सुटी लहर नव्हती, हे अधिक स्पष्ट झाले. कागदावर जे वर्तमानपत्राच्या कपट्यांचे होत होते, तेच व्हरांड्यात वाळक्या फांद्यांचे होत होते.

याच काळात दोन घरांमध्ये एक विलक्षण अदलाबदल घडली. पुतण्याने चित्रे सोडली आणि चुलत्याने ती हाती घेतली. रवींद्रनाथांच्या हस्तलिखितांतील, विशेषतः १९२४ च्या सुमाराच्या ‘पूरबी’च्या वहीतील खोडलेले शब्द रेषांनी एकमेकांना जोडले जाऊन त्यांतून पशुपक्ष्यांसारखे आकार उगवले, १९३० मध्ये पॅरिसला त्यांच्या चित्रांचे पहिले प्रदर्शन झाले. रद्द केलेल्या शब्दांत रवींद्रनाथांना जीव दिसले आणि गळून पडलेल्या लाकडात अवनींद्रनाथांना. दोघांच्याही कृतीत पूर्वनियोजित आकृती नसते. वाया गेलेल्या वस्तूकडे दुसऱ्यांदा पाहणे आणि तिला तिच्या एकटेपणातून बाहेर काढणे, ही क्रिया दोन्हीकडे समान आहे.

५. कथांतील पूर्वरूपे

कुटुम-काटाममागील कल्पना अवनींद्रनाथांच्या बालसाहित्यात फार आधीपासून वावरत होती. ‘क्षीरेर पुतुल’ (१८९६) या कथेत राजाने टाकलेली दुवोराणी एका माकडाला पुत्रासारखे वाढवते. राणीला मुलगा झाल्याची बतावणी करून माकड त्याचे लग्न ठरवते आणि नवरदेवाच्या जागी दुधाच्या खव्याची बाहुली पालखीत बसवून वरात काढते. वाटेत षष्ठीदेवी भुकेपोटी ती बाहुली खाते; चोरी उघडकीस आल्यामुळे भरपाई म्हणून तिला खराखुरा मुलगा द्यावा लागतो. कथेची गंमत तिच्या क्रमात आहे. येथे आधी नाते घोषित होते, मग त्या नात्यासाठी एक वस्तू घडविली जाते आणि सर्वांत शेवटी जीव येतो. व्यवहारात जन्म आधी आणि नाते नंतर. अवनींद्रनाथांच्या कथेत हा क्रम उलटा आहे. लाकडाच्या तुकड्याला कुटुम म्हणताना ते हाच क्रम पाळतात.

‘बुडो आंगला’ या कादंबरीचा आधार सेल्मा लागरलोफ यांच्या १९०६–०७ मधील स्वीडिश कथेचा आहे. मूळ कथेतील नील्स बंगालमध्ये रिदय होतो, त्याला लहान करणारा शाप गणेशाकडून येतो आणि हंसांच्या थव्याबरोबरचा प्रवास हिमालयाच्या दिशेने वळतो. तौलनिक अभ्यासकांनी या रूपांतराचा विचार देशीकरणाच्या अंगाने करावा हे स्वाभाविक आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, प्राण्यांना छळणारा मुलगा अंगठ्याएवढा झाल्यावरच त्यांच्याशी बोलू शकतो. नात्यासाठी आकार कमी व्हावा लागतो. कुटुम-काटामही आकाराने लहानच आहेत. त्यांच्याकडे पाहण्यासाठी प्रौढ माणसाला वाकावे लागते आणि मुलाला वाकावे लागत नाही.

६. कलाबौ आणि गौरी

नैसर्गिक वस्तूंची जुळणी करून तिला नात्याचे नाव देण्याची रीत अवनींद्रनाथांनी शोधून काढलेली नव्हती. बंगालच्या दुर्गापूजेत सप्तमीच्या सकाळी ‘नवपत्रिका’ स्नानासाठी पाण्यावर नेली जाते. केळ, अळू, हळद, जयंती, बेल, डाळिंब, अशोक, मानकचू आणि भात अशा नऊ वनस्पती अपराजितेच्या वेलीने एकत्र बांधून त्यांना लाल काठाची पांढरी साडी नेसवतात. शास्त्राने तिला देवीचे रूप मानले. लोकांनी तिला ‘कलाबौ’, म्हणजे केळीची सून, म्हटले आणि गणेशाशेजारी उभी असल्यामुळे तिला त्याची बायको ठरवून टाकले. शास्त्राला देवी दिसली त्या ठिकाणी लोकांना सून दिसली.

महाराष्ट्रात भाद्रपदातील गौरींच्या पूजेत हीच प्रक्रिया दोन रूपांत आढळते. काही ठिकाणी तेरड्याची रोपे आणून, त्यांची जुडी बांधून, तिला मुखवटा आणि साडी नेसवून गौर उभी करतात. कोकणातील अनेक घरांत खड्यांच्या गौरी असतात. घरातील सवाष्ण किंवा कुमारिका नदीवर वा विहिरीवर जाऊन पाच किंवा सात खडे उचलते आणि वाटेत कोणाशी न बोलता घरी आणते. अनुराधा नक्षत्रावर आलेली ही गौर माहेरवाशीण असते. ज्येष्ठा नक्षत्रावर तिचे पूजन आणि जेवण होते, मूळ नक्षत्रावर तिची बोळवण होते. खडा घडविला जात नाही, कोरला जात नाही. तो उचलला जातो, त्याला नाते दिले जाते, त्या नात्याचे कर्तव्य केले जाते आणि तो पाण्याला परत जातो.

कलाबौ, तेरड्याची गौर आणि खड्यांची गौर या तिन्ही ठिकाणी नात्याचा शब्द घरातील स्त्रीचा आहे आणि ती स्त्री नेहमी एका घरातून दुसऱ्या घरात आलेली किंवा जाणारी आहे. सून आणि माहेरवाशीण ही विवाहव्यवस्थेतील ये-जा करणारी पदे होत. ‘बांगलार ब्रत’च्या लेखकाला घरगुती विधींतील ही दृष्टी अपरिचित असणे शक्य नव्हते. त्याने केलेले परिवर्तन असे की, विधीतून देव बाजूला झाला, पंचांगाचा दिवस बाजूला झाला आणि केवळ आतिथ्य उरले. कुटुम-काटाम ही देव नसलेली गौर आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

७. ‘असेंब्लाज’ या संज्ञेची मर्यादा

आधुनिक कलासमीक्षेत अशा वस्तूंसाठी ‘असेंब्लाज’, म्हणजे जुळणीशिल्प, ही संज्ञा उपलब्ध आहे. १९५३ मध्ये ज्याँ द्युब्युफे यांनी आपल्या काही कृतींसाठी हा शब्द योजला आणि १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने भरविलेल्या प्रदर्शनाने तो सर्वमान्य झाला. त्याच्या पूर्वसूरींत मार्सेल द्यूशाँचे १९१३ मधील सायकलचे चाक, कुर्ट श्विटर्स यांच्या १९१९ पासूनच्या ‘मेर्त्स’ रचना आणि सायकलचे आसन व मूठ जोडून पाब्लो पिकासोंनी १९४२ मध्ये केलेले बैलाचे मस्तक यांची गणना होते. पिकासोंचे बैलाचे मस्तक आणि अवनींद्रनाथांचे कुटुम एकाच दशकातले आहेत.

साम्य उघड आहे, पण भेद अधिक बोलका आहे. युरोपातील या प्रवाहात वस्तू तिच्या मूळ उपयोगापासून तोडली जाते आणि त्या तुटण्यातून निर्माण होणारा धक्का हा रसिकानुभवाचा गाभा असतो. चाक सायकलीवरून उतरून स्टुलावर चढते, तेव्हा ते अनोळखी होते. कुटुम-काटाममध्ये हालचाल विरुद्ध दिशेची आहे. अनोळखी ढलपा ओळखीचा होतो. झाडापासून तुटणे आधीच घडून गेलेले असते. कलावंत ते तुटणे साधून दाखवीत नाही, तर त्यावर नात्याचा उपाय करतो. त्यामुळे येथे कर्तृत्वाची कल्पनाही बदलते. शिल्पकार घडवतो, यजमान ओळखतो आणि या म्हणतो. अवनींद्रनाथांची भूमिका दुसरी आहे. म्हणून कमीत कमी कापणे हा येथे तंत्राचा संकोच नाही. पाहुण्याला आपल्या सोयीने छाटू नये, हा आतिथ्याचा नियम आहे.

८. दुष्काळ, ‘संथाल परिवार’ आणि नात्याची कक्षा

हा विचार येथेच थांबविला, तर तो एकांगी ठरेल. १९४३ मध्ये बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यातील बळींची संख्या सुमारे तीस लाखांपर्यंत गेली असावी, असे मानले जाते. झैनुल आबेदीन यांनी कोलकात्याच्या रस्त्यांवरील मरणाऱ्या माणसांची रेखाचित्रे काढली. चित्तप्रसाद यांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती सरकारने नष्ट केल्या. ज्या वर्षांत शहराच्या पदपथांवर अनोळखी माणसे आश्रय मागत होती, त्याच वर्षांत एक थोर कलावंत बरानगरात लाकडाला पाहुणा म्हणत होता. लाकडाशी सोयरीक करणे माणसाशी सोयरीक करण्यापेक्षा सोपे असते. लाकूड भूक मागत नाही आणि त्याची जातही विचारावी लागत नाही.

या आक्षेपाचे संपूर्ण निरसन करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये. ‘कुटुम’ काय किंवा ‘सोयरा’ काय, हे शब्द मुळात उंबरठ्याचे शब्द आहेत. कोणाशी बेटीव्यवहार होऊ शकतो आणि कोणाशी होऊ शकत नाही, हे ते ठरवतात. झाडाला सोयरा म्हणताना तुकोबांनी आणि ढलप्याला कुटुम म्हणताना अवनींद्रनाथांनी हा उंबरठा ओलांडला, पण तो सृष्टीच्या बाजूने. माणसांच्या बाजूचा उंबरठा त्याने आपोआप पुसला जात नाही.

त्याच काळातील एक दुसरी कृती या ठिकाणी शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरते. १९३८ मध्ये रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनच्या मोकळ्या आवारात ‘संथाल परिवार’ हे शिल्प उभारले. पुरुष, स्त्री, मुले आणि कुत्रा असा चालत निघालेला श्रमिकांचा परिवार त्यांनी सिमेंटमध्ये बीरभूमच्या मातीतील तांबड्या जांभ्याचे खडे मिसळून घडविला. अवनींद्रनाथांचे शिष्य नंदलाल त्या वेळी तेथील कलाभवनाचे प्रमुख होते. दोन्ही ठिकाणी साहित्य पायाखालचे आहे आणि दोन्ही ठिकाणी विषय नाते हा आहे. परंतु रामकिंकरांच्या शिल्पात नाते त्या माणसांचे आपसातले आहे; पाहणारा त्यात सामावलेला नाही, तो त्यांच्या वाटेवर उभा आहे. अवनींद्रनाथांच्या वस्तूंत नाते पाहणाऱ्याशी आहे. तो नसेल तर उरतो तो ढलपा. एक कृती आप्तपणाच्या कक्षेबाहेर राहिलेल्यांना भव्य आकार देते, तर दुसरी आप्तपण मुळात कसे जोडले जाते ते दाखवते. आधुनिक भारतीय कलेतील नात्याचा विचार या दोन्हींच्या एकत्र वाचनाशिवाय पूर्ण होत नाही.

९. समारोप

कुटुम-काटामच्या जतनाचा प्रश्न या विवेचनातून वेगळ्या प्रकारे उभा राहतो. कलाबौ पाण्यात जाते, खडे नदीला परत मिळतात. पुढच्या वर्षी नाते नव्याने जोडले जाते. अवनींद्रनाथांच्या काष्ठरूपांना विसर्जन नाही. त्यांतील काही संग्रहांत गेली, काही घरांत राहिली. कपाटातील वस्तूच्या पाटीवर साहित्य, आकार आणि काळ यांची नोंद मावते. कोणत्या बाजूने पाहिले असता त्या फांदीत पक्षी दिसला, त्याला कोणत्या नावाने हाक मारली गेली आणि त्याच्याविषयी कोणती गोष्ट सांगितली गेली, याची नोंद तेथे मावत नाही. ज्या कलेत ओळखणे हीच निर्मिती आहे, तिच्या बाबतीत नाव आणि गोष्ट हरवणे म्हणजे मूर्तीचे मस्तक हरवण्याइतकीच हानी होय. म्हणून या वस्तूंचा इतिहास लिहिण्याचे काम कलेतिहासकाराइतकेच साहित्याच्या अभ्यासकाचेही आहे. राणी चंद आणि मोहनलाल गंगोपाध्याय यांच्या आठवणी, अवनींद्रनाथांच्या बालकथा, व्रतांवरील त्यांचे विवेचन आणि जात्रांची कात्रणे चिकटविलेली वही हे सारे त्या लाकडांचे आवश्यक संहितारूप आहे.

मराठीत या विषयावर लेखन होईल, तेव्हा पहिला निर्णय शब्दाचा असेल. ‘लाकडी खेळणी’ असे भाषांतर केले तर वस्तू कळेल, पण संबंध हरवेल. ‘काष्ठकुटुंब’ असे केले तर ज्याला बाहेरून यावयाचे आहे तो आधीच घरात बसलेला असेल. ‘सोयरा’ हा शब्द योजल्यास बंगाली संज्ञेतील ये-जा, आतिथ्य आणि जोडलेपण यांचा बराच अंश मराठीत उतरतो. त्याबरोबर त्या शब्दाला चिकटलेला जातीचा उंबरठाही येतो. तो लपविण्याचे कारण नाही. पिराली म्हणून सोयरिकीला मुकलेल्या घराण्यातील एका कलावंताने हा शब्द वाळक्या फांदीला का लावला, हे समजण्यासाठी तो उंबरठा दिसणेच आवश्यक आहे.